गाडी कलते, पडत नाही

सकाळची कामं आटोपत आली असतील, कुणी चुलीपुढे असेल, कुणी शेताच्या बांधावर मोबाईलवर ऐकत असेल. आज गटाच्या हिशोबाचं बोलणार नाही, बँकेचंही नाही. आज गाडीचं बोलायचं आहे. दोन चाकांची गाडी वळणावरून कशी न्यायची, एवढंच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? गाडी येते की आम्हाला! मलाही येत होती. चौतिसाव्या वर्षी घरातली शंभर सीसीची मोटरसायकल शिकले, लायसन काढलं, कळवणच्या बाजाराला एकटी जाऊन यायला लागले. सरळ रस्त्यावर मी कुणाला ऐकत नव्हते. पण आमचा रस्ता सरळ कुठला! नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरीला आलं की समोर सप्तशृंगी गडाचा घाट उभा राहतो. नांदुरीपासून गडापर्यंत साधारण 10 किलोमीटर, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि वळणामागून वळण.

आमचा गट नागलीचे पापड, कुरडया करतो. गडावरच्या दोन दुकानांत माल द्यायचा, पैसे घेऊन यायचे, हे काम माझ्याकडे आलं, कारण गाडी मला येत होती. पहिले काही दिवस बरं गेलं. म्हणजे कसं, मी सबंध घाट दहाच्या वेगाने, दोन्ही पाय खाली लोंबकळत ठेवून चढायचे. मागच्या जीपवाल्यांनी किती हॉर्न वाजवले असतील, देवीलाच माहीत.

मग एकदा उतरताना पडले. डावीकडचं वळण होतं. मी आले जरा वेगात, आणि समोरून जीप वर येताना दिसली. वळण डावीकडे, पण मी मात्र सरकत सरकत उजवीकडे, त्या जीपच्याच बाजूला. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. रस्त्यावर बारीक कच होती. पुढचं चाक घसरलं आणि मी गाडीसकट आडवी. जीपवाला भला, त्याने वेळेवर थांबवली. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून गुडघ्यावर निभावलं. पापडांचे डबे मात्र रस्ताभर झाले.

गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. मन नाही झालं. पुढचे आठ महिने मी घाटात गाडी घातली नाही. माल जीपमध्ये टाकायचा, नाहीतर दिराच्या मागे बसून जायचं. जीपचं भाडं गेलं की पापडात उरायचं काय? दिरांना वेळ नसला की माल पडून राहायचा. दोन दुकानांतल्या एकाने दुसरीकडून पापड घ्यायला सुरुवात केली. गटाच्या बैठकीत कुणी मला बोललं नाही. पण वहीत आकडा दिसत होता ना. एक जण घरी म्हणालाच, "बाईमाणसाचं काम नाही घाट." ते मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

आता ऐका, चूक कुठे होती ते. मला ती तीन ठिकाणी कळली.

पहिल्यांदा कळली ती पंक्चरच्या दुकानात. टायर टाकून वर्ष झालं होतं आणि गाडी बहुतेक मीच चालवत होते. दुकानातल्या मुलाने टायर फिरवून दाखवला. मधला पट्टा झिजलेला, आणि दोन्ही कडांवर नव्या टायरला असतात ते रबराचे केस तसेच उभे. तो म्हणाला, "ताई, तुम्ही गाडी वाकवतच नाही." मला राग आला. वाकवली तर पडणार नाही का?

दुसऱ्यांदा कळली आमच्या पोरींकडून. शाळेच्या मुली सायकलवरून येतात ना, पाटाजवळ काटकोनातलं वळण आहे. एकदा ओट्यावर बसून बघत होते. एकही मुलगी सायकल उभी ठेवून वळत नव्हती. सगळ्या त्या बाजूला कलत होत्या, गप्पा मारत, आणि कुणी पडत नव्हतं. आपणही लहानपणी तशाच वळायचो. मोटरसायकलवर बसलं की आपण ते विसरतो.

बैलगाडीला चार माणसांनी दाबून धरलं तरी ती वळणावर आत कलत नाही, बाहेरच्या अंगाला रेलते. दोन चाकांचं उलटं आहे. वळताना अंग बाहेर फेकलं जातं, त्याला तोल द्यायला गाडीला आत कलावंच लागतं. किती? तर वेगाप्रमाणे. मधोमध खुंटी ठोकून 15 मीटरची दोरी धरून फिरलं तर जेवढा गोल होईल, तेवढं वळण धरा. 20 च्या वेगाने गेलात तर गाडी साधारण 12 अंश कलते. घड्याळाचा मिनिटकाटा बारावरून दोन मिनिटं पुढे सरकला की जेवढा तिरपा दिसतो, तेवढीच. 30 ला चार मिनिटांएवढी. आणि 40 ला? जवळजवळ सात मिनिटांएवढी, म्हणजे 40 अंशांच्या घरात. तिथे आपल्या साध्या गाडीचा फूटरेस्ट रस्त्याला घासायला लागतो. म्हणजे बघा, वेग दुप्पट केला तर कलणं तिपटीहून जास्त झालं. म्हणून मी वळणाची भीती काढायला निघाले, तेव्हा वेग वाढवायला शिकले नाही. वेग आधी कमी करायला शिकले.

हे मला सांगितलं आमच्या गावातल्या एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनी, आणि तिसरी चूक त्यांनीच पकडली. वर्षानुवर्षं घाटात बस चालवलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पडलीस तेव्हा कुठं बघत होतीस?" मी म्हटलं, जीपकडे. "मग गाडी जीपकडेच जाणार की!"

खरंच आहे ते. नजर जिथे, हात तिथे. दरीकडे बघाल तर गाडी दरीच्या काठाला जाते, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच चाक जातं. वळणात शिरताना मान वळवून वळण जिथे संपतं तिकडे बघायचं. दिसत नसेल तर जेवढं दिसतं त्याच्या टोकाला. नुसते डोळे नाही, हनुवटी वळली पाहिजे. काका तर म्हणाले, समोरच्या गाडीची दखल घे, पण तिला बघत बसू नकोस. आपल्याकडे अनोळखी माणसाकडे कसं बघतो, तसं.

ब्रेकचंही त्यांनीच समजावलं, मी माझ्या भाषेत सांगते. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढाही नसतो. त्याच्याकडे पकड आहे ती परातीतल्या एका भाकरीच्या पिठाएवढी. सगळं पीठ ब्रेकला दिलं तर वळायला काय उरणार? म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून, हळूहळू दाबायचे. गिअरही आधीच कमी करायचा. वळणात क्लच दाबून धरायचा नाही. मग आत शिरताना मूठ अगदी किंचित पिळलेली ठेवायची, म्हणजे गाडी ओढ धरून राहते, डुलत नाही. आणि वळणात अचानक काही आडवं आलंच तर? आधी गाडी सरळ उभी करायची, मग ब्रेक. स्कूटीवाल्या तायांनो, तुमच्या नव्या गाडीला डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना ती सोय सक्तीची आहे. पण म्हणून वळणात करकचून दाबायची मुभा नाही.

आता गंमत सांगते. गाडी कलवायची कशी? मला वाटायचं, अंग झोकून द्यायचं. तसं नाही. डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. हो, पुढे. चाक क्षणभर जरासं उजवीकडे जातं आणि गाडी आपोआप डावीकडे कलते. विश्वास बसत नाही ना? विमान बनवणाऱ्या राईट बंधूंचं आधी सायकलचं दुकान होतं. त्यातला विल्बर सायकल चालवणाऱ्यांना विचारायचा, तुम्ही डावीकडे कसे वळता? आधी हँडल किंचित उजवीकडे जातं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. करत मात्र सगळेच होते. तुम्हीही करताच. पण हे चालत्या वेगात. अगदी सावकाश, चालण्याच्या वेगाने एखाद्या आखूड वळणावर जाताना हँडल नेहमीसारखंच फिरवायचं, आपण ताठ बसायचं आणि खालची गाडी तेवढी कलू द्यायची.

हे सगळं मी घाटात शिकले नाही. शाळेच्या मैदानावर शिकले. मधोमध खुंटी, दहा पावलांची दोरी, चुन्याने गोल आखला. त्या गोलावरून दुसऱ्या गिअरमध्ये आधी डावीकडून फेऱ्या, मग उजवीकडून. पहिल्या दिवशी खांदे असे आखडले की रात्री भाकरी थापता येईना. हात ताठ असले की मूठ ढकलता येत नाही, गाडीला वाटच मिळत नाही. म्हणून कोपर सैल, गुडघ्यांनी टाकी धरलेली, पाय फूटरेस्टवर. लोंबकळते पाय बंद! माझी डावी बाजू चार दिवसांत आली, उजवीला आठवडा लागला. मग दोन गोल जोडून इंग्रजी आठ काढायला लागले. लायसनच्या परीक्षेत तो आठ आपण कसाबसा काढतो आणि विसरून जातो. खरं तर सगळा घाट त्या आठातच आहे.

मग पहाटे घाटातली खालची दोनच वळणं, फक्त चढताना. चढावर गाडी आपली आपण मंद होते, म्हणून सोपं. उतार सगळ्यात शेवटी. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनानेच गाडी धरून ठेवायची. पेट्रोल वाचतं म्हणून गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणारे पुरुष मी रोज बघते. तसं कुणी करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, तापून ते ऐनवेळी धरत नाहीत.

रस्त्यात आपली जागा कुठली, हेही शिकावं लागलं. उजव्या वळणावर गाडी उजवीकडे कलते, तेव्हा चाकं आपल्या बाजूला असली तरी आपलं डोकं रस्त्याच्या मधल्या पट्ट्यापलीकडे जाऊ शकतं. तिकडून बस आली तर? म्हणून उजव्या वळणाला मी मधल्या पट्ट्यापासून चांगलं अंतर ठेवते. एसटी वळणावर सगळा रस्ता घेते, तिला घ्यावाच लागतो. ती दिसली की वळणाआधीच थांबायचं, पुढे घुसायचं नाही. रस्त्यावर कच, सांडलेलं डिझेल, ट्रॉलीच्या चाकाची माती, पावसात पांढरे पट्टे, यांवर गाडी शक्य तेवढी सरळ ठेवायची.

ओझ्याचं एक राहिलं. एकाच बाजूला किटली किंवा पिशवी बांधली तर गाडी एका बाजूला पटकन कलते, दुसऱ्या बाजूला ऐकत नाही. दोन्हीकडे सारखं बांधा. आणि मागे साडी नेसून एका अंगाला बसलेल्या सासूबाई म्हणजे डाव्या बाजूचं ओझंच की! त्यात त्या घाबरून वळणाच्या उलट झुकतात. मी माझ्या सासूबाईंना सांगते, "आत्या, वळणाकडच्या माझ्या खांद्यावरून पुढं बघा." तेवढ्याने त्या बरोबर बसतात. साडी गार्ड काढून टाकू नका. धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण हे 1989 च्या मोटार वाहन नियमांतच आहे. हेल्मेट मागच्यालाही हवं. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला सांगतो, आणि सासूबाई चार वर्षांच्या वरच्या आहेत.

पडले ते वळण मी अजून विसरले नाही. पहिल्यांदा एकटी तिथून उतरले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. मान वळवली, मूठ ढकलली, आणि गाडी निघून गेली. खाली नांदुरीत येऊन चहा घेतला, दोन कप. गेलेलं दुकान अजून परत मिळालेलं नाही, पण दुसरं एक मिळालं आहे. चैत्रात आणि नवरात्रात घाटात खाजगी गाड्या बंद असतात, तेव्हा माल एसटीनेच जातो. गेल्या पावसाळ्यात एकदा धुकं एवढं होतं की पुढचं वळण दिसेना. मी नांदुरीत गाडी लावली आणि डबे घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टर ओळखीचा, हसला. हसू दे.

आता गटातल्या सात जणी शाळेच्या मैदानावर येतात, रविवारी सकाळी सातला. चुना आम्ही आणतो. कुणाला यायचं असेल तर या, गाडी स्वतःची आणा, टायरची हवा आदल्या दिवशी बघा. ओढणी कमरेला घट्ट खोचलेली हवी. आणि चप्पल घालून आलेलीला मी गाडीवर बसू देत नाही, आधीच सांगते.