हळदीची पट्टी कोण वाचणार?
(वसमत तालुक्यांतील एका गांवीं पालकांच्या सभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी याच मातींतला. माझ्या लहानपणीं आपला मुलूख परभणी जिल्ह्यांत होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

माझा आजा निजामाच्या अमलांत नांगर धरी. त्या राज्याचा कारभार उर्दूंत चाले. जमिनीचा कागद आपला, पण त्यांत काय आहे तें दुसरा सांगेल तेंच खरें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी गेली; पुढें कागद मराठींत आले. पण ज्याला अक्षरच ओळखतां येत नाहीं, त्याला उर्दू काय नि मराठी काय!

आमच्या घरीं हळद. मृगाच्या सुमारास लावावी, माघांत काढावी, मोडावी, कढईंत शिजवावी, उन्हांत वाळवावी. पांच मण ओली हळद वाळून जेमतेम मणभर उरते. एके वर्षीं बाबांनीं आठ पोतीं बाजारीं नेलीं. मी तेव्हां सहावींत होतों. रात्रीं मीं पट्टी वाचून दाखविली. तींत पोतीं सातच! दुसऱ्या दिवशीं बाबा मला बरोबर घेऊन गेले. “लिहिण्यांत चूक झाली,” असें म्हणून त्यांनीं एका पोत्याचे पैसे हातावर ठेवले. मागल्या वर्षीं अशा किती चुका झाल्या असतील, तें कोणीं सांगावें?

आतां दुसरी गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला लाज वाटते. माझी थोरली अक्का हिशेबांत माझ्याहून हुशार. ती चौथींत असतांना हळद मोडावयास हात कमी पडले म्हणून तिला घरीं ठेवलें. ती पुन्हां शाळेंत गेलीच नाहीं. मी शिकलों तो तिच्या पिवळ्या हातांच्या जिवावर. आज तिच्या शेतांतही हळद आहे, आणि पट्टी वाचावयास ती मला बोलावते.

मुलांना बारा वर्षांपर्यंत सक्तीनें शिकवा, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लिहून दिलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं सक्तीचा व मोफत शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तरी माघ-फाल्गुनांत माझ्या वर्गांत जागा रिकाम्या दिसतात. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हळदीचें नांव सरकारदप्तरीं लागलें. ती मोडणारी पोर मात्र हजेरीपटावर गैरहजर!

लोहारमामा, सुतारदादा, हें तुम्हांसही सांगणें आहे. खळ्यावर बलुतें मिळण्याचे दिवस गेले. आतां तुमची मजुरीही कागदावर चढते.

माझें मागणें एवढेंच: हळद मोडावयास हात कमी पडले तर मोठ्या माणसांनीं सावड करावी; मुलांना शाळेंत पाठवावें. आणि घरांत पट्टी किंवा सातबारा आला, कीं तो मुलाकडून वाचून घ्या. मुलीकडून आधीं घ्या. आठ पोतीं नेलीं तर आठच लिहिलीं गेलीं पाहिजेत, हें पाहणारें माणूस आपल्याच घरांत असावें.