बंदर कोणाचे?

(सुवर्णमहोत्सवी चर्चासत्रातील भाषण, सिविल लाइंस, जयपूर)



समुद्रापासून शेकडो मैल दूर बसून आम्ही बंदराची चर्चा करावी, याचे नवल वाटेल. परंतु दादरीहून न्हावा-शेव्याकडे आखलेला मालगाड्यांचा खास मार्ग आपल्या फुलेऱ्यावरूनच जातो.

बंदर सार्वजनिक असावे की खाजगी, हा वाद मुंबईस नवा नाही. धक्के एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती एकवटले, तेव्हा मक्तेदारीची धास्ती निर्माण झाली. सरकारने ते विकत घेतले आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्यात आज जमीन प्राधिकरणाची आहे, धक्के मात्र खाजगी कंपन्या कराराने चालवितात. त्याने कामास वेग येतो, हे आम्ही नाकारीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की धक्का भाड्याने द्यावा, जबाबदारी देऊ नये. मात्र केवळ सरकारी मालकीने बंदर लोकांचे होत नाही. वाढवण बंदरात ७४ टक्के वाटा केंद्राच्या प्राधिकरणाचा, २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाचा. तरीही २०२४ साली पायाभरणी झाली, तेव्हा मच्छीमार विरोधातच उभे होते. २०२१ च्या कायद्याने मोठ्या बंदरांच्या कारभारी मंडळांवर कर्मचाऱ्यांसाठी दोन जागा ठेवल्या. मच्छीमारांसाठी एकही राखली नाही. ती राखावी, अशी आमची मागणी आहे.

आम्ही गाव सोडले ते पोटासाठी, पण आपल्या इच्छेने. ज्याचा किनारा त्याला न विचारता सुटतो, त्याचे दुःख आम्हांस तरी कळावयास हवे.