माणसं जास्त झाली, कोणाच्या हिशेबानं?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते जिनिंगच्या गेटवर, वाचनालयात आणि चळवळीत. तेव्हा बोलण्यात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

'वाढती लोकसंख्या आणि पृथ्वीवरील साधनसंपत्ती' हा विषय आयोजकांनी आम्हाला दिला. विषय मोठा आहे, आम्ही तो आमच्या गिरणीपासून सुरू करतो. आम्ही ज्या जिनिंगमध्ये कामाला होतो तिथं एका हंगामात नवी यंत्रं आली. आधी बाया टोपल्यांनी कापूस वाहायच्या, तो आता नळीतून हवेनं ओढला जाऊ लागला. आठ दिवसांत पंचवीस-तीस जणांना घरी बसवलं. मुकादम म्हणाला, "माणसं जास्त झाली." आता पाहा, गेटवर माणसं कालचीच होती. एका रात्रीत कोणाच्या घरी जास्तीचं लेकरू जन्मलं नव्हतं. मग माणसं जास्त कशी झाली? तेव्हापासून कोणी 'माणसं जास्त झाली' म्हटलं की आम्ही पहिले विचारतो, कोणाच्या हिशेबानं?

इंग्लंडात माल्थस नावाच्या पाद्र्यानं १७९८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. माणसं दुपटी-चौपटीनं वाढतात, अन्न त्या मानानं हळू वाढतं, म्हणून उपासमार अटळ आहे, असं त्याचं म्हणणं. हाच माल्थस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात प्राध्यापक झाला. आपल्यावर राज्य करायला येणारे साहेब त्या कॉलेजात शिकत. ही शिकवण आपल्या वऱ्हाडाला किती महागात पडली ते ऐका.

खामगावला रेल्वे आली १८७० मध्ये. जलंबपासून फाटा काढला तो माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. पुढे १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. वऱ्हाडचा इतिहास लिहिणारे सांगतात की त्या दुष्काळात प्रांतात सुमारे १ लाख ४३ हजार माणसं भुकेनं मेली, आणि त्याच काळात वऱ्हाडातून कापसाच्या हजारो गाठीच नव्हे, तर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यसुद्धा बाहेर गेलं. म्हणजे वीस हजार टन! धान्य होतं, पण विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती जवळपास २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. तोंडं कमी झाली. माल्थसच्या हिशेबानं उरलेल्यांच्या ताटात जास्त भाकर पडायला पाहिजे होती. मजुराच्या घरी तशी पडली काय?

आता दुसरा दुष्काळ घ्या, १९७२ चा. तोवर महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींवर गेली होती. आम्ही तेव्हा आईच्या कडेवर होतो. आई खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, परदेशातली लाल मिलो ज्वारी खाल्ली. हाल खूप झाले, जनावरं मेली. पण १९०० सारखे माणसांचे मुडदे पडले नाहीत. माणसं जास्त होती, मरणारे कमी! कारण मतदान करणारी माणसं होती, सरकारला काम द्यावं लागलं, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला.

धान्याचंही तेच. १९५१ मध्ये देशात ३६ कोटी लोक होते, धान्य पाच कोटी टनांच्या आसपास. आज लोक चौपट झाले, धान्य सहापटीच्या वर गेलं. म्हणून पृथ्वी अन्नाला कमी पडली, असं आम्ही अजून तरी मानत नाही.

पण पाण्याचं तसं नाही, हे आम्ही कबूल करतो. इथं आमचेच काही कार्यकर्ते चुकतात. सगळा दोष वाटपावर टाकून मोकळे होतात. आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. जमिनीखाली पाणी आहे आणि पिता येत नाही. घाटावर बोअर खोल खोल चालले. १९६१ मध्ये आपला जिल्हा दहा लाखांच्या घरात होता, २०११ मध्ये २५ लाख ८६ हजार झाला. पाऊस काही अडीचपट झाला नाही. विहीर भाषण ऐकत नाही. मात्र तिथंही बघावं लागतं की बोअर कोणाचे आणि हंडा घेऊन रांगेत कोण. जगाचा हिशेबही असाच. एक अमेरिकन माणूस कोळसा-तेलाचा जितका धूर सोडतो, तो आपल्या एका माणसाच्या सुमारे सातपट. आणि तापलेल्या हवेत पीक जातं ते आपलं.

तर मग मुलं किती असावीत? बाबासाहेबांनी हा प्रश्न कधीच टाळला नाही. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांचं भाषण रोहम यांनी वाचून दाखवलं. त्यात मुख्य मुद्दा बाईचा होता. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून जास्त मूल कोणी होऊ दिलं नसतं, असा त्याचा आशय. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

पुढे आणीबाणीत सरकारनं उलटं टोक गाठलं. १९७६ मध्ये महाराष्ट्रानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. पण माणसं पकडणं सुरूच होतं. आमचे वडील दोन रात्री ज्वारीच्या वावरात लपून राहिले, हे आम्हाला आठवतं. बंगल्यावाल्यांना वावरात लपावं लागल्याचं आम्ही ऐकलं नाही.

आता तर सक्तीची गरजच उरली नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. वस्ती टिकायला दोनाच्या किंचित वर लागतात. पोरी शिकल्या, लेकरं जगू लागली, आणि घर आपोआप लहान झालं. पण बंधूंनो, त्यात एक काळी गोष्ट मिसळली आहे. आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये नऊशेच्या थोड्या वर होत्या, २०११ मध्ये साडेआठशेच्या आसपास आल्या. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे, दर बारा जानेवारीला आपण जिजाऊंना वंदन करतो, आणि तपासणीचं मशीन दाखवून पोटातली पोर काढतो. हे फक्त 'त्यांच्यात' होतं म्हणू नका.

काही वर्षांमागे एका बैठकीत आम्ही दोन मुलांवर बोललो. मागं बसलेली एक सून उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, तुमी दोनच म्हनता, पन मले दोनी पोरीच हायेत. घरचे तिसरं पाहा म्हनतात. त्याईले कोन सांगन?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं. रात्री आम्ही आणि महिला मंडळाच्या दोघी तिच्या घरी गेलो. सासू आमच्याशी बोललीच नाही, चहासुद्धा विचारला नाही. तिचा नवरा मात्र बाहेर ओट्यावर बसून तासभर ऐकत होता. चार वेळा जावं लागलं. तिसरं काही झालं नाही. त्यातली मोठी आता नर्सिंगला आहे, धाकटी आज इथंच, स्टेजच्या डाव्या बाजूला पाण्याचे ग्लास देते आहे.