ओसरीवरचा रेडिओ : एका ओळखीचा शोध

लहानपणीं घरांत असलेला रेडिओ कसा होता, असें साठी उलटलेल्या कोणालाही विचारून पाहा. उत्तर तत्काळ येतें : लांकडी पेटी, पुढें सोनेरी धाग्याचें कापड, बटण फिरवलें कीं काचेमागें पिवळा उजेड, मग कांहीं वेळानें हळूहळू वर येणारा आवाज, आणि खोलीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ताणलेली एरिअलची जाळीदार पट्टी. ऐकणाऱ्यास वाटावें, स्मरण किती लख्ख आहे! परंतु या वर्णनावरून तो रेडिओ शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. हें वर्णन फिलिप्सला लागू पडतें, मर्फीला पडतें, बुशला पडतें, जी. ई. सी. आणि नॅशनल-एको यांनाही पडतें. व्हॉल्व्ह तापल्याखेरीज काम करीत नाहीं, म्हणून आवाजाला उशीर सर्वत्रच. काचेमागें दिवाही सर्वत्रच. मनांत जें सर्वांत ठळक राहतें, तेंच ओळख पटवण्याच्या कामीं बहुधा निरुपयोगी ठरतें.

श्रोतेहो, हा विषय निघाला तो एका भांडणावरून. पिंपरीहून पवना ओलांडली कीं काळेवाडी लागते आणि तिला लागूनच रहाटणी. तेथें माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण यांचें जुनें घर आहे. तें पाडून तेथें मजल्यांची इमारत उठावयाची आहे. घर जाण्यापूर्वीं ओसरीवरच्या कोनाड्यांत होता तसाच रेडिओ आणून ठेवावा, एकदां त्याच्याकडे पाहावें, असें बहिणीनें घेतलें आहे. मूळचा रेडिओ भावानें तरुणपणीं, ट्रान्झिस्टर घरांत आल्यावर, वडिलांस न विचारतां भंगारवाल्यास देऊन टाकला होता. ती गोष्ट अक्का अद्याप विसरलेल्या नाहींत.

पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं आणि रविवारीं असे संच पाहावयास मिळतात, आणि विक्रेता कोणत्याही पेटीवर हात ठेवून “हाच तो” म्हणावयास तयार असतो. तेव्हां आपला कोणता, हें आधीं ठरलें पाहिजे. आणि घोडें नेमकें तेथेंच अडलें. भाऊ म्हणत, “अक्का, आपला फिलिप्सचा होता, इथें नदीपलीकडे पिंपरीलाच झालेला.” बहीण म्हणत, “अरे, तूं तेव्हां पाटी-पेन्सिलींत होतास! मर्फीचा होता. ओठाशीं बोट नेलेलें तें बाळ मला अजून दिसतें.”

प्रथम पिंपरीची गोष्ट पाहूं. फिलिप्स कंपनीनें हिंदुस्थानांत १९३० सालीं कलकत्त्यास दुकान मांडलें तें दिव्यांचें. रेडिओ बांधण्यास तिनें तेथें १९४८ सालीं आरंभ केला, १९५९ सालीं पुण्याजवळ दुसरा रेडिओ-कारखाना काढला, आणि पिंपरीचा कारखाना सुरू झाला १९७० सालीं. तो २००६ मध्यें बंद पडला. छत्तीस वर्षें तो कारखाना परिसरांतल्या लोकांच्या नित्य बोलण्यांत राहिला. मग घरांतला फिलिप्स तेथलाच असणार, असें मनानें परस्पर ठरवून टाकावें यांत नवल नाहीं. म्हणून मीं दोघांना एकच विचारलें : त्या रेडिओवर ऐकलेली एखादी बातमी आठवते काय? अक्कांना पंडित नेहरू गेल्याची बातमी आठवली, म्हणजे २७ मे १९६४. भावाला कोयनेच्या भूकंपाची आठवली, म्हणजे ११ डिसेंबर १९६७. पिंपरीचा दावा येथेंच निकालांत निघाला. वर्ष विचारलें तर माणूस अंदाज सांगतो. बातमी विचारली कीं तारीख आपोआप हातीं येते.

मर्फीच्या बाळाचें काय? तें चित्र जाहिरातींतून आणि दिनदर्शिकांतून इतक्या भिंतींवर लागलेलें होतें कीं, ज्यांच्या घरीं मर्फी कधींच नव्हता त्यांनाही तें आपलेंच वाटतें. त्याचा पुरावा धरतां येत नाहीं. अक्कांच्या सांगण्यांतली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. स्टेशन नीट लागलें कीं मिटत येणारा एक हिरवा डोळा त्यांना आठवतो. हा डोळा म्हणजे एक स्वतंत्र व्हॉल्व्हच असे, आणि तो स्वस्त संचांत सहसा घालीत नसत. त्यावरून कंपनी कळत नाहीं. पण वडिलांनीं पदरमोड करून बरा संच घेतला होता, एवढें कळतें.

काचेवरच्या नांवांचाही उपयोग होतो. तेथें दिल्ली-मुंबईच्या पंक्तीला लाहोर आणि पेशावर असतील, तर संच फाळणीपूर्वींचा असण्याचा संभव मोठा. पुण्याचें नांव छापलेलें असेल, तर तो २ ऑक्टोबर १९५३ नंतरचा, कारण पुणें केंद्र त्या दिवशीं सुरू झालें. नांव नसल्यास मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं. या भावंडांना काचेवरचें ‘सिलोन’ तेवढें आठवलें. तें कोणाला आठवत नाहीं?

खरा साक्षीदार निघाला वडिलांच्या दाढीच्या पेटींत. कापसांत गुंडाळलेला, बोटभर लांबीचा एक व्हॉल्व्ह. त्यावर ‘ईएल ८४’ अशीं अक्षरें आणि बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का. या अक्षरांचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. युरोपीय पद्धतींत पहिलें अक्षर व्हॉल्व्हच्या आंतील तारेचें मान सांगतें. ‘ई’ असेल तर ती तार ६·३ व्होल्टांवर तापते, म्हणजे बहुतेक वेळां संच आल्टरनेटिंग विजेवर चालणारा. ‘यू’ असेल तर संच दोन्ही तऱ्हांच्या विजेवर चालणारा; आणि ‘डी’ असेल तर वीज न आलेल्या घरांतला, बॅटरीचा. दुसरें अक्षर काम सांगतें : ‘एल’ म्हणजे शेवटचा, कर्ण्याला जोर पुरवणारा व्हॉल्व्ह. आंकड्यांतला ८ बुडाशीं नऊ पिना असल्याचें सांगतो.

आतां कोणी म्हणेल, व्हॉल्व्ह बदलतां येतो, त्यावरून संचाचें वय कसें ठरेल? शंका रास्त आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे असे व्हॉल्व्ह १९६१ पासून निघूं लागले; तो शिक्का दुरुस्तीचें वय सांगत असेल, संचाचें नव्हे. परंतु व्हॉल्व्ह बदलला तरी खालची खोबण बदलत नाहीं. ईएल ८४ हा प्रकारच १९५३ च्या सुमाराचा. त्याला खोबण असलेला संच त्याहून जुना असूं शकत नाहीं.

एवढ्यावर आम्ही थांबलों असतों, तर नांव शेवटपर्यंत कळलें नसतें. अक्कांनीं जुन्या कागदांची पत्र्याची ट्रंक उपसली तेव्हां तळाशीं रेडिओच्या परवान्याची पुस्तिका निघाली. नव्या पिढीला हें ठाऊक नसेल, परंतु १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत रेडिओ बाळगण्यास सरकारी परवाना लागे. दर वर्षीं पोस्टांत पैसे भरावे आणि पुस्तिकेंत तिकीट लावून शिक्का मारून घ्यावा, अशी ती रीत. पहिला शिक्का १९६३ चा, आणि संचाच्या रकान्यांत पोस्टातल्या कारकुनाच्या तिरप्या अक्षरांत ‘फिलिप्स’. भावाचें नांव खरें ठरलें, गांव खोटें. अक्का म्हणाल्या, “म्हणजे निम्मा मार्क तुला.”

मॉडेलच्या आंकड्यावर नेमका पाण्याचा डाग पडलेला आहे. त्यामुळें कलकत्ता कीं पुणें, हा प्रश्न उरतोच; त्याचें उत्तर मागच्या फळीवर छापलेलें असतें, आणि ती फळी भंगारांत गेली. तूर्त शोधावयाचा तो १९६३ च्या आसपासचा, हिरव्या डोळ्याचा, आल्टरनेटिंग विजेवरचा फिलिप्स. त्या कंपनीच्या मॉडेल-क्रमांकाचें शेवटचें अक्षर येथें उपयोगी पडतें : ‘ए’ आल्टरनेटिंगचें, ‘यू’ दोन्हींचें, ‘बी’ बॅटरीचें.

असा संच मिळाल्यास एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. उत्साहाच्या भरांत त्याची पिन भिंतींत खुपसूं नये. इतक्या वर्षांत आंतले कागदी कंडेन्सर निकामी झालेले असतात. ते बदलल्यावांचून वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. ‘यू’ जातीच्या संचांत तर आंतला लोखंडी सांगाडाच विजेशीं जोडलेला असतो. बटणाची टोपी निघालेली असेल आणि उघड्या दांड्याला हात लागला, तर तो प्राणावर बेतूं शकतो. जाणत्या कारागिराला दाखवूनच पुढें जावें.

गेल्या रविवारीं दोघें भावंडें जुन्या बाजारांत जाऊन आलीं. हिरव्या डोळ्याचा एक फिलिप्स मिळतही होता. पण त्याची मागची फळी कोणी नवी ठोकलेली होती, म्हणून अक्कांनीं तो घेतला नाहीं. घर पाडावयास अजून दोन महिने आहेत.