टायर बदलले आणि ॲव्हरेज घटले
हायब्रिड मोटारीच्या इंधनाविषयी काही विचार

(मंडळाच्या अंबड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा थोर विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत मोटारीच्या टायराला स्थान मिळावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आज मंडपाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यांत बसून आपली मुलेबाळे आणि वृद्ध आईबाप येथपर्यंत आले, आणि उद्या पहाटे त्यांतूनच परत जावयाचे आहेत. गाडीचा जमिनीशी जो काही संबंध आहे तो चार तळहातांएवढ्या जागेपुरता आहे, आणि ती जागा टायरची आहे. एवढे ध्यानात घेतले म्हणजे विषय क्षुल्लक वाटणार नाही.

गेल्या तीनचार वर्षांत आपल्या कुटुंबांतून हायब्रिड मोटारी येऊ लागल्या. मे २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आली, सप्टेंबरात मारुतीची ग्रँड विटारा आली, वर्षअखेरीस टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आली. पहिल्या दोहोंचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला अनुक्रमे २६.५ आणि २७.९७ किलोमीटर असे जाहीर झाले होते. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी शासनाने टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीशी छत्रपती संभाजीनगर येथे हायब्रिड व विजेच्या मोटारींच्या कारखान्याविषयी करार केला, तेव्हा ही विद्या आपल्या उंबरठ्याशीच आली असे म्हणावयास हरकत नाही. आता त्या पहिल्या गाड्यांचे मूळचे टायर झिजले आहेत, नवे बसविले जात आहेत, आणि एक तक्रार घरोघरी ऐकू येते : “टायर बदलले आणि ॲव्हरेज दोन किलोमीटरने घसरले. दुकानदाराने फसविले की गाडी बिघडली?” या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

प्रथम चाकाला विरोध कशाचा होतो ते पाहू. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी लोखंडी धाव बसविलेली बैलगाडी हाकलेली आहे. पक्क्या सडकेवर ती सहज चाले, आणि पावसाळ्यात काळ्या रानात शिरली की बैलांच्या तोंडाला फेस येई. कारण तेथे चाक जमिनीला दाबून पुढे जात असे, आणि त्या दाबण्यात बैलांचे बळ खर्ची पडे. रबरी टायराचे उलट आहे. येथे सडक दबत नाही, टायर दबतो. प्रत्येक फेऱ्यात रबराचा जो भाग जमिनीला टेकतो तो चेपतो, आणि वर जाताना पुन्हा फुगतो. चेपण्यास जेवढी शक्ती लागते तेवढी सर्व फुगताना परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. लांबचा प्रवास करून आल्यावर टायरला हात लावावा, तो उन्ह लागतो. ती ऊब म्हणजे आपण पंपावर पैसे मोजून घेतलेले पेट्रोल होय.

हा विरोध केवढा असतो? साधारण टायरच्या बाबतीत दर टन वजनामागे दहा किलोंच्या आसपास. दीड टनाची मोटार सपाट रस्त्यावर चालती ठेवावयाची तर पंधरा किलोंचा रेटा अखंड द्यावा लागतो, हवेचा विरोध तो निराळाच. ज्या कंपन्या हायब्रिड गाडी बनवितात त्यांना परीक्षेत चांगले ॲव्हरेज दाखवावयाचे असते, म्हणून त्या मुळात कमी विरोधाचे टायर मागवून घेतात, आणि त्यांचा आकडा सात-आठ किलोंपर्यंत उतरलेला असतो. बाजारात त्याच मापाचा जो टायर आपल्याला मिळतो तो त्याच गुणाचा असेल असे नाही. माप एक, गुण वेगळा, अशी ही गोष्ट आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली या प्रश्नावर एक अहवाल प्रसिद्ध केला. टायरचा विरोध दहा टक्क्यांनी बदलला तर इंधनात एक ते दोन टक्क्यांचा फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो साध्या मोटारींना धरून आहे. हायब्रिडमध्ये ही गोष्ट अधिक जाणवते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या गाडीत ब्रेक लावला की गतीची सर्व शक्ती ब्रेकमध्ये जळून जाते. थांबलेल्या गाडीचे इंजिनही पेट्रोल पीत राहते. हायब्रिडमध्ये ब्रेकची पुष्कळशी शक्ती वीज होऊन बॅटरीत परत येते, आणि सिग्नलला इंजिन बंद होते. उधळपट्टीचे हे दोन दरवाजे असे बंद झाले, म्हणजे उरलेल्या खर्चात टायर आणि हवा यांचा वाटा मोठा दिसू लागतो. ब्रेकमधली शक्ती परत मिळविता येते. टायर तापण्यात गेलेली कोणतीही बॅटरी परत आणू शकत नाही. शिवाय काटकसरी घरात शंभर रुपये कमी पडले तरी लक्षात येतात. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीत पाच टक्के घट म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून किंचित अधिक. तिकडे कोणी पाहत नाही. २४ देणाऱ्या गाडीत तीच घट सव्वा किलोमीटरच्या घरात जाते, आणि समोरच्या पडद्यावर आकडा तर अष्टौप्रहर झळकत असतो!

आता दुकानदाराला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी वजा केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट गणिताची आहे. गाडी किती किलोमीटर चालली हे चाकाच्या फेऱ्यांवरून मोजले जाते. २१५/६० आर १७ या मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे ३४५ मिलिमीटर असते. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल. ती झिजून २ वर आली म्हणजे त्रिज्या ६ मिलिमीटरने घटली. लहान चाकाला तेच अंतर कापण्यास फेरे अधिक घ्यावे लागतात, म्हणून जुन्या टायरवर काटा प्रत्यक्षापेक्षा अधिक किलोमीटर दाखवीत असतो. कागदावर हा फरक पावणेदोन टक्क्यांचा निघतो. टायरच्या आतील पोलादी पट्टा ताणत नसल्यामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो. नवे टायर बसविताच हा फुगवटा नाहीसा होतो, आणि एक थेंबही जास्त न जळता ॲव्हरेज घटलेले दिसते.

दुसरी गोष्ट झिजेची. टायर तापतो तो मुख्यतः नक्षीच्या जाड रबरामुळे. नक्षी झिजली की चेपण्यास रबरच कमी उरते आणि विरोध उतरतो. म्हणजे जो टायर आपण काढून टाकला तो आपल्या आयुष्यातले सर्वांत उत्तम ॲव्हरेज त्या शेवटच्या महिन्यांत देत होता! आपण नव्या टायरची तुलना त्याच्याशी करतो. ती वास्तविक त्याच गाडीच्या पहिल्या वर्षाशी केली पाहिजे. परंतु ज्या महिन्यांत तो पेट्रोल वाचवीत होता, त्याच महिन्यांत पावसाचे पाणी बाहेर फेकण्याची त्याची शक्ती संपत आलेली होती. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. “आणखी एक पावसाळा चालवू, ॲव्हरेज छान देतो आहे” हा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांना माझे नम्र सांगणे असे की तो पावसाळा त्या टायरचा नव्हे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी परिवहन खात्याला त्यावर टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. जालन्याला या मार्गावर चढणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विसरू नये.

समृद्धीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १२० वर गेले की तो सव्वादोन पट होतो. नवे टायर बसवून पहिलाच प्रवास नागपूरचा केला आणि ॲव्हरेज पडले, तर त्यात टायरचा अपराध थोडा आणि उजव्या पायाचा अधिक. त्यातच पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण मधल्या काळात वीस टक्क्यांपर्यंत गेले. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्ती असते, म्हणून त्याचाही भार हिशेबात धरावा लागतो. ऊस पिकविणाऱ्या आपल्या तालुक्याने त्याबद्दल फार कुरकुर करू नये, असे मी विनोदाने म्हणतो.

इतके वजा करूनही जी घट उरते ती टायरच्या निवडीची आणि हवेची. येथे मात्र आपल्या हाती पुष्कळ काही आहे. समजा, निवड चुकल्यामुळे २४ चे ॲव्हरेज २२.८ झाले. टायरच्या ४०,००० किलोमीटरांच्या आयुष्यात सुमारे ८७ लिटर पेट्रोल अधिक लागले. लिटरला केवळ शंभर रुपये धरले तरी ८,७०० रुपये झाले. दुकानात घासाघीस करून चार टायरांमागे चार हजार वाचविल्याचा आनंद घेऊन जो घरी येतो, त्याने दुपटीहून अधिक रक्कम हप्त्याहप्त्याने पंपावर भरावयाची आहे. तरीही केवळ कमी विरोधाचा टायर शोधणे शहाणपणाचे नाही. रबर कमी तापणारे केले की ओल्या रस्त्यावरची पकड कमी होण्याचा धोका असतो. १९९२ च्या सुमारास मिशेलिन कंपनीने काजळीच्या जोडीला सिलिका वापरून दोन्ही गुण पुष्कळ अंशी एकत्र आणले. पण त्या रबराला किंमत पडते. आपल्या देशातही टायरचा विरोध, ओली पकड आणि आवाज या तिहींसाठी नियम २०२२ साली जाहीर झाले, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने पंखे-फ्रिजप्रमाणे टायरांसाठीही ताऱ्यांची योजना काढली आहे. दुकानात तारे विचारावेत. माझे मत विचाराल तर पहिला मान ओल्या पकडीला, दुसरा कमी विरोधाला, आणि किंमत तिसरी. मापात बदल करू नये. रुंद टायर दिसावयास देखणे असतात एवढेच. बॅटरीमुळे हायब्रिड गाडी वजनदार असते, तेव्हा भार सोसण्याचा जो अंक मूळ टायरवर आहे त्याहून कमी घेऊ नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३२४ असे असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेण्याचे कारण नाही. टायर बदलतानाच चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. वाकडे चालणारे चाक फरपटत जाते आणि रबर व पेट्रोल दोन्ही खाते.

राहिली हवा. ती फुकट मिळते म्हणूनच तिची हेळसांड होते. दाब एक पौंड उतरला की इंधन सुमारे ०.२ टक्के वाढते. हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु आपल्या हवामानाचा विचार करा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंड उतरतो. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात ३३ पौंड भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत २८ च्या आसपास येतो, आणि महिन्याला एखादा पौंड आपोआप झिरपतो तो वेगळाच. कमी हवेचा टायर अधिक चेपतो, अधिक तापतो, आणि उन्हाळ्यात सिमेंटच्या सडकेवर वेगात असा टायर फुटला तर ॲव्हरेजची चर्चा करण्यास कोणी उरेलच असे नाही. नायट्रोजन भरल्याने हे सर्व टळते अशी समजूत आहे; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा महिन्यातून एकदा दाब पाहणे बरे. किती दाब हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी निघण्यापूर्वी, तो मोजावा.

उद्या पहाटे मत्स्योदरी देवीचे दर्शन घेऊन बहुतेक मंडळी आपापल्या गावी निघतील. दाब मोजण्याचे साधन आणि पायपंप मी बरोबर आणला आहे. साडेपाच वाजल्यापासून मी मंडपाच्या फाटकाशी उभा असेन. ज्यांना आपल्या गाडीची हवा आणि नक्षी तपासून घ्यावयाची असेल त्यांनी निघण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे.