टाचेतलं रक्त आणि टीममधली आई

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

काही डाएट कोल्ड्रिंक्सच्या कॅनवर बारीक अक्षरांत एक इशारा असतो: फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. बोलताना जीभ अडखळते, म्हणून आपण नुसतं पीकेयू म्हणू. आज या आजारामागे लागलेल्या माणसांबद्दल बोलायचंय.

आधी आजार समजून घेऊ. आई आणि बाबा, दोघांकडे एका जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते. दोघंही ठणठणीत. पण बाळाला दोघांकडूनही तीच प्रत मिळाली (दर बाळंतपणात ही शक्यता चारात एक), तर यकृतातलं एक एन्झाइम नीट काम करत नाही. मग दूध, डाळ, अंडी यांच्या प्रथिनांमधलं फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साचतं आणि मेंदूला इजा होते. जन्मलेलं बाळ मात्र अगदी गोंडस, निरोगी दिसतं. फसगत इथेच होते.

1934, नॉर्वे. एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती. मुलांची बौद्धिक वाढ होत नव्हती आणि त्यांना विचित्र कुबट वास यायचा. अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर रंग हिरवा झाला! मग त्यांनी संस्थांमधल्या 430 जणांची तपासणी केली. आणखी आठ जण सापडले, त्यात भावंडंही होती. म्हणजे हा आजार घराण्यातून येत होता.

आजाराचा पत्ता लागला, उपाय मात्र नव्हता. 1950च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात होर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स ही टीम होती. दोन वर्षांची एक मुलगी, उभी राहत नव्हती, सतत रडायची, डोकं आपटायची. ‘उपाय नाही’ हे उत्तर तिच्या आईला मान्यच नव्हतं. रोज सकाळी ती प्रयोगशाळेपाशी हजर! शेवटी टीमने फेनिलअ‍ॅलनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत पोरगी रांगायला लागली, उभी राहायला लागली.

आता ऐका. हा गुण आहाराचाच, हे सिद्ध करायला टीमने तिच्या खाण्यात फेनिलअ‍ॅलनिन परत मिसळलं. आईला न सांगता! कारण काय, तर आईच्या निरीक्षणावर परिणाम नको. एका दिवसात मुलगी पुन्हा रडायला, डोकं आपटायला लागली. नंतर आईची परवानगी घेऊन रुग्णालयात हाच प्रयोग पुन्हा केला. 1953मध्ये तो छापून आला.

मला हे खटकतं. जिच्या हट्टामुळे संशोधन सुरू झालं, जिच्या नजरेवर ते मोजलं गेलं, तिलाच अंधारात ठेवलं. माझ्या मते ती पेशंटची नातेवाईक नव्हती, टीमची सदस्य होती. आज पालकांच्या संमतीशिवाय असा प्रयोग करता येत नाही, आणि ते बरंच आहे.

अडचण आणखी एक होती. झालेली इजा आहाराने भरून येत नव्हती. म्हणजे आजार जन्मानंतर काही दिवसांतच कळायला हवा. हे काम अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं. एडा सुसी यांच्यासोबत 1963मध्ये त्यांनी साधी, स्वस्त चाचणी मांडली: बाळाच्या टाचेतलं थोडं रक्त, कागदावर वाळवलेलं. बस्स! वेळेत कळलं आणि आहार सांभाळला, तर हीच मुलं शाळा-कॉलेज करतात, नोकरी करतात.

भारतात अजून प्रत्येक बाळाची ही चाचणी होत नाही. तुमच्या घरी, ताईकडे, वहिनीकडे बाळ येणार असेल तर आधीच विचारून ठेवा: टाचेतलं रक्त घेऊन कुठल्या चाचण्या करता? रिपोर्ट कधी मिळतो? आणि बाळाची आई म्हणाली, ‘काहीतरी वेगळं वाटतंय,’ तर ‘तुझं आपलं काहीतरीच’ म्हणू नका. तिचं नीट ऐका.

भाग आवडला तर ताईला नक्की फॉरवर्ड करा. भेटूया पुढच्या आठवड्यात!