जुना संगणक, नवा व्यवसाय आणि अचौर्य अणुव्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवा मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या ट्रस्टने सेवेची ५० वर्षे पूर्ण केली, याचा आनंद प्रत्येक साधर्मी बांधवाच्या मनात आहे. अशा मंगल प्रसंगी संयोजकांनी मला विषय दिला तो जुन्या संगणकांचे नूतनीकरण करणाऱ्या छोट्या व्यवसायाचा. महोत्सवात रॅम आणि हार्ड डिस्कचे काय काम, असा प्रश्न काही ज्येष्ठांना पडला असेल. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की श्रावकाचा धर्म मंदिराच्या पायरीवर संपत नाही. तो दुकानाच्या गादीपर्यंत जातो. आणि हा व्यवसाय त्या धर्माची जेवढी परीक्षा घेतो, तेवढी फार थोडे व्यवसाय घेत असतील.

प्रथम व्यवसायाची गरज पाहू. चाटी गल्लीतील कापडाची पेढी असो, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेलचा कारखाना असो की मार्केट यार्डातील अडत, हिशेब आज संगणकावर आहे. हा संगणक सात-आठ वर्षांचा झाला की मंद होतो. सकाळी कळ दाबावी, चहा पिऊन यावे, तेव्हा कुठे तो कामाला लागतो. मालक म्हणतो, "आता नवाच घ्यावा लागणार." येथेच आपल्या तंत्रज्ञाचे काम सुरू होते.

संगणक मंद का होतो, हे समजून घेतले तर निम्मे काम झाले. जुन्या संगणकात माहिती साठवणारी हार्ड डिस्क ही फिरणारी तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि माहितीचा प्रत्येक तुकडा शोधण्यासाठी तिच्यावरील वाचक-शीर्षाला जागा बदलावी लागते. एका शोधाला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. म्हणून ज्या यंत्राचा प्रोसेसर अजून धडधाकट आहे, त्याला एसएसडी बसवली आणि चार जीबी रॅमची आठ जीबी केली, की हिशेबाच्या कामाला ते यंत्र आणखी काही वर्षे उत्तम चालते.

दुसरे कारण आपल्या गावचे आहे. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. त्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. ते संगणकाच्या पंख्यात आणि प्रोसेसरवरील जाळीत बसतात. उष्णता बाहेर पडेनाशी झाली, की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो. मालकाला वाटते यंत्र म्हातारे झाले. वास्तविक त्याला श्वास घेता येत नसतो. धूळ काढून, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, की तोच संगणक पुन्हा पूर्वीसारखा चालू लागतो.

तिसरे उदाहरण तर फारच बोलके आहे. संगणकाची तारीख रोज चुकते आणि बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ सुरक्षिततेची सूचना देऊन उघडायचे नाकारते. अशा वेळी बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तिची किंमत शंभर रुपयांच्या आत. ग्राहकाला यातले काहीच कळत नाही. त्याला मदरबोर्ड गेला असे सांगितले, तरी तो विश्वास ठेवील. मित्रांनो, या व्यवसायाची खरी कसोटी ग्राहकाच्या या अज्ञानापाशी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अशा लहान कामातून मोठे काही उभे राहते का? १९८४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचा मायकेल डेल नावाचा विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत संगणकांना जादा भाग बसवून ते विकत असे. एक हजार डॉलरच्या भांडवलावर त्याने कंपनी नोंदवली. तीच पुढे डेल झाली. पण आपल्याला एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान काढले आणि पुढे ते संगणकाच्या देखभालीकडे वळले. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असतात, हे त्यांनी टेबलावर बसून पाहिले. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रणाली लिहिली. क्विक हील या नावाने ती देशभर गेली आणि २०१६ मध्ये त्या कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. दुरुस्तीचे टेबल ही मोठी शाळा आहे. लोकांना नेमके काय अडते, हे तेथे बसणाऱ्याला सर्वांच्या आधी दिसते.

आणि आपल्या सोलापूरचे भूषण शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र कसे विसरता येईल? १८८२ मध्ये याच गावी जन्मलेल्या वालचंदांच्या घरी कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. तो रुळलेला मार्ग सोडून ते रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले, तेव्हा त्यांनी रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार करून घेतले. पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत त्यांनी देशाला पाया घालून दिला. आपल्या युवकांनी यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. ज्याला काम कळते आणि ज्याला हिशेब कळतो, असे दोघे एकत्र आले तर व्यवसायाची दोन्ही चाके नीट चालतात. पाठशाळेतील दोन मित्र किंवा बहीण-भाऊ हे सहज करू शकतात.

आता आरंभ कसा करावा, ते सांगतो. मोठे दुकान नको. घरातील स्वच्छ, कोरडी खोली पुरे. चांगल्या स्क्रू ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, धूळ उडवणारा ब्लोअर, स्थिर विजेपासून भाग वाचवणारा मनगटी पट्टा, थर्मल पेस्ट, तपासणीसाठी एक चांगला पॉवर सप्लाय व रॅम, आणि ग्राहकाची माहिती सुरक्षित उतरवून घेण्यासाठी बाहेरून जोडायची मोठी डिस्क, एवढ्यावर काम सुरू होते. सरकारच्या संकेतस्थळावर उद्यम नोंदणी विनामूल्य होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. मात्र कर्ज काढून सुट्या भागांचा साठा करू नका. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती जगभर कशा भडकल्या, ते आपण पाहिले. भाव चढतो तसा उतरतोही, आणि उतरत्या भावात साठा अंगावर पडतो. ग्राहकाची मागणी आल्यावर भाग आणावा.

कामाचा क्रम कधी मोडू नये. प्रथम ग्राहकाची माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. व्यापाऱ्याची दहा वर्षांची खातेवही त्या यंत्रात असते. यंत्र पुन्हा मिळेल, खातेवही मिळणार नाही. नंतर डिस्कचे आरोग्य तपासावे, मग तापमान पाहावे, मग संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. एकाच यंत्रात दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा. एवढे करून प्रश्न सुटला, तर केवळ मेहनताना घ्यावा आणि कोणताही भाग विकू नये. न सुटल्यासच नवीन भाग सुचवावा. मेहनतान्याचे दर फलकावर लिहावेत. जमल्यास दहा-वीस पेढ्यांशी वार्षिक देखभालीचा करार करावा. त्यामुळे दर महिन्याचे उत्पन्न निश्चित होते.

आता त्या कसोटीकडे येतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते मुखोद्गत केले. ते जणू संगणकाच्या दुकानासाठीच सांगितले असावेत, असे मला अनेकदा वाटते.

पहिला स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. ग्राहक म्हणतो, "मूळ सॉफ्टवेअर कशाला, तसेच टाकून द्या." ते टाकून देणारा ग्राहकालाही चोरीत ओढतो, आणि अशा प्रतींबरोबर विषाणूही येतात. ज्याला परवाना परवडत नाही, त्याला लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांसारखी विनामूल्य व कायदेशीर साधने द्यावीत.

दुसरा, चोरीचा माल घेणे. पावती नसलेला लॅपटॉप कोणी अर्ध्या किमतीत आणून दिला, तर हात जोडून परत पाठवावा. जुने यंत्र विकत घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे आणि यंत्राचा अनुक्रमांक वहीत लिहावा.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन. पावतीविना व्यवहार यातच येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियमही येथे लक्षात ठेवावेत. काढलेले बोर्ड, तारा आणि बॅटऱ्या भंगारवाल्याकडे जातात. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि विषारी धूर निघतो. त्यात माणसांबरोबर असंख्य जीवांची हिंसा आहे. हे भाग वेगळे साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावेत.

चौथा हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-अधिक करणे. पूर्वी तराजू असे, आता जीबी आहे. सोळा सांगून आठ बसवणे हे खोटे माप आहे. काम झाल्यावर ग्राहकाला पडद्यावर आकडा दाखवावा आणि काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा.

पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाने बनावट देणे. वापरलेली एसएसडी पुसून नवी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षाहून अधिक क्षमता दाखवणारे बनावट पेनड्राइव्हही बाजारात येतात. डिस्क किती तास चालली, याची नोंद सहसा तिच्यातच असते. ती आधी स्वतः पाहावी, मग ग्राहकाला दाखवावी.

या पाचांबरोबर एक सहावी गोष्ट मी आपल्या विचारार्थ ठेवतो. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात कुटुंबाची छायाचित्रे, पत्रे, बँकेचे तपशील असतात. न दिलेले घेऊ नये, हे व्रत डोळ्यांनाही लागू आहे. कामापुरतेच पाहावे आणि काम झाल्यावर उतरवून घेतलेली प्रत ग्राहकासमोर पुसून टाकावी.

शेवटी सर्वांत कठीण भाग येतो, तो "नाही" म्हणण्याचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. काही तंत्रज्ञ ही अट चुकवून जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसवतात आणि ग्राहकाला त्यातील धोका सांगत नाहीत. जे यंत्र पात्र नाही, ज्याचा मदरबोर्ड कुरकुरतो आहे, त्यावर ग्राहकाचे चार-पाच हजार खर्च करवणे म्हणजे त्याच्या पैशांची हानी होय. अशा वेळी स्पष्ट सांगावे, "यावर खर्च करू नका. लिनक्सवर चालवून मुलांना शिकायला द्या, किंवा आता नवा घ्या." त्या दिवशी आपली मिळकत बुडेल, पण तो व्यापारी पुढच्या वेळी दुसरीकडे जाणार नाही, आणि शेजारच्या पेढीलाही आपलेच नाव सांगेल.

त्याचप्रमाणे ज्याचे यंत्र दुरुस्त होऊ शकते, त्याला नवे घेण्याचा मोह दाखवू नये. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ एवढाच, की गरजेची मर्यादा ओळखावी. लोकांना ती मर्यादा ओळखायला मदत करून त्यातून उपजीविका करता येते, हे या व्यवसायाचे भाग्य आहे.

आपली अनेक मुले-मुली शिक्षण संपताच पुण्याची गाडी धरतात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु गाव सोडण्यापूर्वी त्यांनी आपल्या पेठेतील दहा दुकानांत जाऊन तेथील संगणक कसे चालतात, एवढे पाहावे. तेथे काम आहे, ग्राहक आहेत, आणि विश्वासू माणसाची वाण आहे. ती वाण आपण भरून काढू शकलो, तर पाठशाळेतील शिकवणीचे चीज झाले, असे मी समजेन.

ट्रस्टने युवकांसाठी सुट्टीत प्रशिक्षणाचा एक वर्ग सुरू करावा आणि समाजाकडे पडून असलेले जुने संगणक त्यांना सरावासाठी द्यावेत, अशी नम्र सूचना करतो. दुरुस्त झालेली यंत्रे गरजू विद्यार्थ्यांच्या घरी गेली, तर ज्ञानदानही घडेल.



जय जिनेंद्र!